काठवाडीचे पाच खिळे

कल्पना करा, तुम्ही अशा एका गावात राहता जिथे हवा नळाने येते.

पाणी नव्हे बरे का, हवा. सकाळी डोळे उघडून तुम्ही पहिला श्वास घेतलात, तो नळाचा. शाळेला उशीर झाला म्हणून धावलात, धाप लागली, ती धापसुद्धा नळाचीच. खिडकी उघडून मोकळा वारा घ्यावा म्हटले, तर बाहेर वारा नावाची चीजच नाही. आणि त्या नळाची झडप तुमच्या घरात नाही, ती लांब कुठेतरी भिंतीमागे आहे. आता क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा. ती झडप कोणाच्या हातात असलेली तुम्हाला चालेल?

शलाका खोपकर अशाच गावात राहत होती. चंद्राच्या दक्षिण टोकाशी एका अंधाऱ्या विवराच्या काठाखाली खोदलेल्या त्या वस्तीला सगळे काठवाडी म्हणत. विवराच्या तळाशी, जिथे ऊन कधीच पोचले नव्हते, तिथे बर्फ होता. तो खणायचा, वितळवायचा, त्यातून पाणी आणि हवा काढायची, यावर वस्ती जगत होती. लोक वेगवेगळ्या दालनांत राहत. प्रत्येक दालनाला हवेची स्वतंत्र झडप होती, आणि सगळ्या झडपा एका संगणकजाळ्याला जोडलेल्या होत्या.

शलाकाचे बाबा, मुकुंद खोपकर, हे वस्तीचे जाळेपाल. जसा द्वारपाल दार राखतो, तसा जाळेपाल जाळे राखतो. कोणत्या यंत्राने कोणत्या यंत्राशी बोलावे, कोणाला काय दिसावे, कोणाला काय दिसू नये, हे सारे ते पाहत. शलाकाची आई नलिनी चौथ्या दालनात बर्फ खणणाऱ्यांची मुकादम होती. त्या दिवसांत चौथ्या दालनाने काम थांबवले होते. खोदयंत्रांचे आधार झिजले होते, छत दोनदा खचले होते, आणि आधार बदलल्याशिवाय खाली उतरणार नाही असे नलिनीने सगळ्यांच्या वतीने सांगून टाकले होते.

पृथ्वीवरून नव्याने आलेले मुख्य प्रशासक अनिरुद्ध सरनोबत जाळेघरात आले, तेव्हा शलाका सकाळी शाळेआधी कोपऱ्यात बसून गृहपाठ करत होती.

"खोपकर, मला मूळकिल्ली हवी आहे," ते बसायच्या आधीच म्हणाले.

मूळकिल्ली म्हणजे अशी एक संख्या, जी जाळ्याला दिली की सगळ्या दालनांच्या सगळ्या झडपा देणाऱ्याचे ऐकतात.

"ती कोणाकडेच नाही, साहेब. माझ्याकडेही नाही," बाबा म्हणाले.

"शब्दांचे खेळ नकोत. पाच खिळे आहेत, कोणतेही तीन एकत्र आले की किल्ली तयार होते. एक प्रशासक म्हणून माझ्याकडे आहे, एक तुमच्याकडे. मला कल्पना आहे. मला फक्त हे विचारायचंय की इतका द्राविडी प्राणायाम कशासाठी?"

बाबांनी टेबलाखालून दोरीचा तुकडा काढला. शिकवायची संधी मिळाली की त्यांचे डोळे चमकत; समोरचा माणूस चिडलेला आहे की नाही, याचे भान त्यांना राहत नसे. "शलाका, ये. हे टोक धर. साहेब, ही समोरची भिंत. दोरी भिंतीला जिथे टेकते, ती जागा म्हणजे आपली किल्ली. आता दोरी एकाच खिळ्यावरून न्या. कुठे टेकेल?"

"कुठेही."

"कुठेही! म्हणजे एक खिळा हातात असलेल्याला किल्लीबद्दल काय कळलं? शून्य. थोडंसंसुद्धा नाही. पण दुसरा खिळा मिळाला की दोरी पक्की झाली. भिंतीवरची जागा आपोआप सापडली. आपण दोरीऐवजी वाकणारी वेताची काडी घेतलीय असं समजा, म्हणून आपल्याला दोनाऐवजी तीन खिळे लागतात. मर्म तेच."

खरे खिळे लोखंडाचे नव्हते. बोटाएवढी चिनी मातीची ती उपकरणे होती आणि प्रत्येकाच्या पोटात एकेक लांबलचक संख्या साठवलेली होती. पण खिळा हे नाव एकदा पडले ते पडले.

"गणित मलाही येतं," सरनोबत म्हणाले. "उद्या चौथ्या दालनात आग लागली, तर मी तीन माणसं शोधत फिरू?"

"आगीसाठी प्रत्येक दालनाच्या आत दांडा आहे. आतला माणूस तो ओढतो आणि झडप बंद होते. बाहेरून बंद करायची गरज फक्त बाहेरच्याला असते."

"माझ्यावर विश्वास नाही तुमचा?"

"तुमच्यावर असेलही. पण ही खुर्ची तुमच्यानंतर कोणाला मिळणार, हे तुम्हाला माहीत आहे का? मला नाही. कुलपाला माणूस ओळखता येत नाही, साहेब. त्याला फक्त किल्ली ओळखता येते."

सरनोबत उठले. "चौथं दालन फुकटची हवा खातंय. हवा जरा पातळ केली, की दोन दिवसांत सगळे शहाण्यासारखे कामाला लागतील. कोणी मरत नाही त्याने."

शलाकाच्या हातातून दोरीचे टोक सुटले. चौथ्या दालनात तिची आई होती.

"माझा खिळा मिळणार नाही," बाबा म्हणाले. आवाज न चढवता त्यांनी दोरी गुंडाळून ठेवली.

सरनोबत गेले आणि पाठोपाठ डॉक्टर परवीन मुजावर आत आल्या. त्यांच्याकडेही एक खिळा असे. आल्या त्याच खाली मान घालून.

"मुकुंदभाऊ, माझ्या हातून घाण झाली. काल सरनोबत आले, म्हणाले चौथ्या दालनात झडपेमागे माणूस अडकलाय, लवकर खिळा द्या. मी दिला. त्यांनी त्याची नक्कल केली आणि परत दिला. मी धावत चौथ्या दालनात गेले तर तिथे लोक पत्ते खेळत बसलेत!"

"म्हणजे त्यांच्याकडे दोन झाले," बाबा म्हणाले.

"तिसरा मिळाला की संपलं."

"डॉक्टर, तुमचा खिळा गेला, किल्ली नाही गेली. आजच झुकाव घेऊ."

मुलांनो, झुकाव म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण काठवाडीचा सगळा जीव त्यात होता. दोरी पुन्हा डोळ्यांपुढे आणा. भिंतीवरचे टोक तिथेच दाबून ठेवा आणि दोरी जराशी तिरपी करा. काय झाले? दोरीखालचे सगळे खिळे आपापल्या जागेवरून सरकले. भिंतीवरची जागा मात्र तीच राहिली. किल्ली तीच, खिळे नवे! आता एखाद्या चोराकडे जुना खिळा असेल आणि तो नव्या खिळ्यांबरोबर दोरी ताणू लागला, तर दोरी भलतीकडेच टेकेल. किती तिरपे करायचे तो आकडा खिळे राखणारे मिळून ठरवत आणि आपापल्या खिळ्यात घालत. खिळा आपली संख्या बदले आणि जुनी विसरून जाई.

तो आकडा जाळ्यावरून कधीच पाठवायचा नाही, अशी काठवाडीची रीत होती. जाळ्यावरून जे जाते ते कोणीतरी वाचते आहे असे धरूनच चालायचे, हे बाबांचे पहिले सूत्र. म्हणून दर पौर्णिमेला, म्हणजे काठवाडीत आकाशातली पृथ्वी पूर्ण उजळली की, पाचही जण खानावळीत जमत. पहिला आपल्या मनातली संख्या दुसऱ्याच्या कानात सांगे, दुसरा तीत आपली मिळवून तिसऱ्याच्या कानात सांगे. शेवटची बेरीज, जी मग कानोकानीच सगळ्यांना कळे, ती म्हणजे झुकावाचा आकडा. त्यामुळे तो कोणा एकाने ठरवलेला नसे. दहा वर्षांची झालेली मुले शेजारी बसून शिकत आणि आईबाबांच्या खिळ्यात आकडा घालायचे काम त्यांना मिळे. सरनोबत गेल्या पौर्णिमेनंतरच आले होते; येत्या पौर्णिमेचे बोलावणे त्यांना गेले होते. "चहापाण्याच्या कार्यक्रमांना मला वेळ नाही," असा निरोप त्यांनी पाठवला होता.

बाबा डॉक्टरांशी बोलत होते तेवढ्यात दोन रक्षक आले. चारपेक्षा जास्त माणसांनी एकत्र जमायला बंदी आणि जाळेपालांना ताब्यात घेण्याचा हुकूम, असे दोन्ही कागद त्यांनी दाखवले. त्यांनी बाबांचे खिसे तपासले, टेबल उचकले. खिळा सापडला नाही. गेल्या पौर्णिमेला आकडा घालायला तो शलाकाकडे दिला होता आणि अजून तिच्याच दप्तरात होता.

दारातून नेताना बाबा वळले. "शलाका, शाळा चुकवू नकोस."

रक्षकांना वाटले, काय बाप आहे, अशा वेळी याला शाळा सुचते! शलाकाला मात्र नेमके कळले. जमावबंदीत शाळा बंद झालेली नव्हती, आणि तिच्या शिक्षिका लुसीबाई डिमेलो यांच्याकडे चौथा खिळा होता.

वर्गात इतिहास चालू होता. शलाका वही दाखवायच्या निमित्ताने उठली आणि बाईंच्या कानाशी वाकली. काय झाले ते तिने सांगितले आणि आपल्या मनातली एक संख्या सांगितली. लुसीबाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "अक्षर सुधार," त्या मोठ्याने म्हणाल्या.

दुपारी खानावळीचे भिवामामा गावित मुलांचे जेवण घेऊन आले. पाचवा खिळा त्यांचा. "बाई, आमटी तिखट झालीय का बघा," म्हणत ते वाकले, तेव्हा बाईंनी त्यांच्या कानात दोन संख्यांची बेरीज टाकली. मग डॉक्टर मुजावर मुलांचे कान तपासायला आल्या.

"आधी माझे बघा," भिवामामा म्हणाले. "बायको म्हणते, मला ऐकू येत नाही."

"तुम्हाला ऐकू येतं, तुम्ही ऐकत नाही," डॉक्टर म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांच्याकडून बेरीज घेऊन पुढे सरकल्या. आपली संख्या मिळवून त्यांनी शलाकाचा कान तपासला, जरा जास्तच वेळ. शाळा सुटेपर्यंत शेवटची बेरीज बाई आणि मामांच्याही कानी पोचली होती आणि चौघांच्या चार खिळ्यांत एकच आकडा गेला होता.

संध्याकाळी शलाकाला प्रशासनकक्षात बोलावणे आले.

खोलीला मोठी काच होती आणि काचेपलीकडे वस्तीचा चौक दिसत होता. सरनोबतांनी बिस्किटे पुढे केली.

"दप्तरात काय आहे ते मला ठाऊक आहे, बाळ. बाईंनी नकार दिला, भिवाने तर माझ्यावर झारा उगारला. तू शहाणी आहेस. तो खिळा दे, बाबा आज रात्री घरी जेवायला येतील."

"आणि आईची हवा?"

"तिची काळजी मी घेईन."

शलाकाने दप्तरातून खिळा काढला आणि टेबलावर ठेवला. "घ्या, काका."

"मला साहेब म्हणतात."

"बरं, काका."

त्यांनी तिन्ही खिळे यंत्राच्या खाचांत बसवले. पडदा क्षणभर उजळला, विझला, आणि साऱ्या काठवाडीत घंटा घणघणू लागली. त्यामागून सगळ्या दालनांत एकच आवाज गेला, "प्रशासनकक्षातून मूळकिल्लीचा प्रयत्न. किल्ली चुकीची."

ही घंटाही बाबांचीच. मोठ्या अधिकाराला कोणी हात लावला तर ते सगळ्यांना ऐकू आले पाहिजे, हे त्यांचे दुसरे सूत्र. आणि चुकीच्या प्रयत्नानंतर यंत्र थोडा वेळ झोपी जाई, म्हणजे अंदाजाने चाचपडणाऱ्याचा दिवस वाया जावा.

"खोटा खिळा दिलास?" सरनोबत ओरडले.

"अजिबात नाही. खराच आहे. तुमचे जुने झालेत."

"जुने म्हणजे?"

आणि शलाकाने त्यांना झुकाव शिकवला. रीत कोणालाही सांगावी, लपवायचा तो फक्त आकडा, असे बाबा नेहमी म्हणत. तिने बिस्किटांचे खिळे केले आणि फूटपट्टीची दोरी केली. सरनोबत घाईघाईने "कळलं, कळलं" म्हणू लागले की ती म्हणे, "मग हे बिस्कीट कुठे सरकेल, सांगा बघू?" तिला जमेल तितके हळू शिकवायचे होते, कारण घंटा वाजली की पुढे काय करायचे याचाही नियम होता आणि त्याला थोडा वेळ लागणार होता.

पण सरनोबत मठ्ठ नव्हते. त्यांनी फूटपट्टी हिसकावून घेतली. "म्हणजे झुकावाचा आकडा मिळाला, तर माझे दोन्ही खिळे मीच तिरपे करीन. तुझा तर इथे आहेच. तीन झाले. तो आकडा तुला माहीत आहे."

शलाका नको तितके चांगले शिकवून बसली होती.

"पृथ्वीचं यान उभं आहे," ते आता अगदी मऊ आवाजात म्हणाले. "आकडा सांगितला नाहीस, तर बाबा त्यात बसतील आणि परत येणार नाहीत. मी खरं बोलतोय, माझ्याकडे बघ."

तिने त्यांच्याकडे बघितले नाही. तिने काचेतून चौकात बघितले.

घंटा ऐकून लोक बाहेर पडले होते. चारपेक्षा जास्त, कितीतरी जास्त. जमावबंदीचा कागद बहुधा कोणाच्या तरी पायाखाली होता. त्या गर्दीच्या मध्यभागी लुसीबाई, भिवामामा आणि डॉक्टर मुजावर डोक्याला डोके लावून उभे होते. बाई मामांच्या कानाशी वाकल्या. मामा डॉक्टरांच्या. मग डॉक्टर बाईंच्या आणि मामांच्याही. मग तिघांचेही हात खिशात गेले.

"काय बघतेस? ते तुला सोडवायला येणार नाहीत," सरनोबत म्हणाले. त्यांनाही ते तिघे स्वच्छ दिसत होते.

शलाकाने मोठा श्वास घेतला आणि आकडा सांगितला. खरा, पूर्ण, एकही अंक न बदलता. वर म्हणाली, "लिहून घ्या, मागाहून चुकला म्हणाल."

सरनोबतांनी आपल्या दोन खिळ्यांत आकडा घातला. यंत्र जागे व्हायची वाट बघताना ते बोटांनी टेबल वाजवत होते. पडदा उजळला. तिन्ही खिळे खाचांत बसले.

घंटा पुन्हा घणघणली.

"खोटारडी!"

"खोटारडी नाही हं. आकडा खरा आहे. पण मघाचा आहे. घंटा वाजली की जे राखणदार बाहेर मोकळे असतील त्यांनी लगेच पुन्हा झुकाव घ्यायचा, असा नियम आहे. त्यांनी आत्ताच घेतला. तुमच्यासमोर."

सरनोबतांनी काचेकडे पाहिले, मग तिच्या खिळ्याकडे. "आणि हा?"

"हाही जुनाच झाला की. मी इथे तुमच्याजवळ होते ना, मला नवा आकडा सांगणार कोण?" तिच्या आवाजात किंचित दुःख होते, तो खिळा तिला फार आवडायचा. "आता बाबांचा खिळा म्हणजे नुसता मातीचा तुकडा आहे. बाबांना यानात बसवा नाहीतर इथे ठेवा, त्यांच्याकडे काही नाही. माझ्याकडेही नाही. नवे खिळे त्या तिघांकडेच आहेत, आणि किल्लीला तीन पुरतात."

सरनोबत खुर्चीत बसले. त्यांनी दिवसभर ज्या ज्या माणसाला धरून ठेवले होते, त्यातल्या एकाकडूनही घेण्यासारखे आता काही उरले नव्हते. लहान मुलीकडून तर मुळीच नाही. तिने त्यांना सगळे देऊन टाकले होते.

दारावर थापा पडू लागल्या. चौथ्या दालनातले खणकरीही येऊन पोचले होते. दोनदा वाजलेल्या घंटेचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. गोंगाटात शलाकाला आईचा आवाज ओळखू आला. "सरनोबत, दार उघडा!"

दाराशी उभ्या असलेल्या रक्षकाने साहेबांकडे पाहिले. साहेबांनी शलाकाकडे पाहिले. कपाळावरचा घाम त्यांनी टिपला आणि बिस्किटांची बशी पुन्हा तिच्याकडे सरकवली.

"हे बघ, बाळ. तू जा दाराशी. त्यांना सांग, काहीतरी गैरसमज झालाय, साहेब उद्या सगळ्यांशी बोलतील. म्हणावं, आपापल्या दालनात जा. तुझं ऐकतील ते."

शलाकाने एक बिस्कीट तोंडात टाकले, दाराशी गेली आणि दोन्ही हातांनी कडी ओढून दार सताड उघडले.

"आत या सगळे," ती म्हणाली. "पण बूट बाहेर काढा, तुमच्या पायांना फार धूळ आहे."